सम्राटला हात लावायचा नाही

किस्से काही कुणी जमवायला जात नाही. बंद पडत चाललेल्या मिलमध्ये नोकरी करा, ते रिकाम्या गोदामातल्या कबुतरांसारखे आपोआप येऊन बसतात. आता आम्ही जुनी मंडळी कुणाच्या लग्नात भेटलो की पंगत उठेपर्यंत हेच चालतं. शेजारी बसलेल्यांना वाटतं, काय मजा केली असेल या लोकांनी! मजा कसली डोंबलाची? आम्ही घाबरलेले होतो. सकाळी घाबरत कामावर यायचो आणि संध्याकाळी घाबरत घरी जायचो. हसू येतंय ते आत्ता.

काळ असा होता की इंदूरच्या मिलांचे भोंगे एकेक करून थांबत होते. पेपरात रोज 'उदारीकरण' असायचं, आणि चहाच्या टपरीवर रोज एकच प्रश्न, "आज कौन सी गई, भिया?" आमच्या मिलचं सूतखातं आधी गेलं, मग लूमखातं. उरलं होतं फक्त डायहाउस, म्हणजे कापड रंगवायचं खातं, आणि त्याच्या जिवावर आमचं ऑफिस. सगळ्यांना घाबरवणारा एक शब्द होता, 'सरप्लस'. ज्याला काम नाही तो सरप्लस, आणि सरप्लस माणसाचं नाव नोटीस बोर्डावर.

आमची कॉम्प्युटरची खोली, तिला ईडीपी म्हणत. तिथे आम्ही तिघं. हेड होते फडणीस साहेब. सज्जन माणूस, पण इतका भित्रा की फोन वाजला तरी आधी उभा राहायचा आणि मग उचलायचा. दुसरी मी, अनघा, डेटा भरणारी. माझी जीभ तिखट, पण काळीज सशाचं. आणि तिसरा राजू चौहान, साऱ्या मिलचा राजू भिया; भैयाला इंदूरकडे भिया म्हणतात. प्रिंटरला कागद लावणं, एसी चालू करणं आणि आम्हा दोघांना धीर देणं, ही त्याची कामं.

धीर देणाराच सगळ्यात जास्त घाबरलेला होता, हे आम्हाला ठाऊक होतं. त्याचे वडील आणि मोठा भाऊ दुसऱ्या मिलमध्ये होते, ती आधीच बंद पडलेली. आता सगळं कुटुंब आमच्या मिलच्या चाळीत, राजूच्या दोन खोल्यांत. नियम सरळ होता. मस्टरवर नाव आहे तोवर खोली, नाव गेलं की खोली गेली. तो म्हणायचा, "मॅडम, मेरे को नौकरी की चिंता नी है. चिंता ये है के अम्मा का पलंग कां रखूँगा!"

सरप्लसची यादी लागली की राजू भिया ती नेहमी खालून वर वाचायचा. मी विचारलं, असं का रे बाबा? म्हणाला, "ऊपर से पढ़ो तो नाम जल्दी मिल जाता है."

* * *

जीएम साहेबांना कुणीतरी पटवलं की मिल वाचवायची तर मॉडर्न व्हायला पाहिजे. म्हणून दिल्लीच्या एका कंपनीकडून एक मोठा काळा डबा आला. त्यातल्या सॉफ्टवेअरचं नाव 'सम्राट'. कंपनी म्हणाली, हे आमचं स्वतःचं, आमच्या इंजिनिअरांनी घाम गाळून बनवलेलं. डायहाउसच्या सगळ्या रंगांच्या शेडचे नुस्खे, म्हणजे कुठला रंग किती आणि किती वेळ, सम्राटच्या पोटात गेले. कामगारांचं सर्व्हिस रेकॉर्डही गेलं. जुनी कार्डं रद्दीत. सम्राट थांबला तर रंग थांबणार, आणि रंग थांबला तर मिल थांबणार. हे लक्षात आल्यावर फडणीस साहेब त्या खोलीत हळू आवाजात बोलायला लागले.

डबा बसवायला मल्होत्रा नावाचा इंजिनिअर आला. टाय लावलेला, अत्तर मारलेला. त्यानं पहिलं काम काय केलं, तर मॉनिटर उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला!

"शुरू होते टाइम स्क्रीन देखना मना है, सर."

साहेब दचकून मागे सरले. "क्यों? आँखें ख़राब होती हैं?"

"कंपनी पॉलिसी है."

मल्होत्रानं मॉनिटर आणि भिंतीच्या मध्ये वाकून बटणं दाबली, बराच वेळ खुडबुड केली, आणि मग मॉनिटर आमच्याकडे वळवला. निळ्या पडद्यावर सोनेरी मुकुट आणि खाली 'सम्राट'. दर तिमाहीला दिल्लीहून फोनवर एक 'किल्ली' मिळणार होती, अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ. ती घातली नाही तर सम्राट बंद. शेवटी त्यानं डब्याच्या चारी बाजूंना कागदी सील चिकटवलं.

"ये सील टूटी तो वॉरंटी गई. वॉरंटी गई तो सपोर्ट गया. सपोर्ट गया तो..." असं म्हणून त्यानं वर बघितलं.

आम्ही तिघांनीही वर बघितलं. वर नुसता पंखा होता, पण घाम मात्र आम्हाला फुटला.

* * *

मिल म्हटली की कापसाची धूळ आली. भिंतीला, केसांना, चहाच्या कपाला. सम्राटच्या नाकातोंडातही ती गेलीच. पहिल्याच उन्हाळ्यात डब्याच्या आतला पंखा घरघरायला लागला. दम्याच्या पेशंटजवळ बसावं तसे आम्ही बसलेलो. आवाज थांबला तर श्वास आमचा थांबायचा.

राजू भिया म्हणाला, "चार पेच खोलो, ब्रश मारो, हो गया!" साहेब आडवे आले. सील होतं ना!

दिल्लीला फोन लावला. उत्तर आलं, "इंजिनियर आएगा. तब तक हाथ मत लगाना." इंजिनिअर काही आला नाही. एप्रिल गेला, मे आला, डबा इतका तापला की वर पापड भाजावा. शेवटी साहेबांनी घरून वाळ्याचा पंखा आणला आणि राजूला दिला. राजू भिया स्टुलावर बसून सम्राटला वारा घालायला लागला. एक हात दमला की दुसरा.

अशात एकदा डायहाउसचे पाटील मास्तर नुस्ख्याची प्रिंट न्यायला आले. चिडका माणूस, हात कोपरापर्यंत कायम निळे. दारातच थांबले.

"काय रे चौहान," ते म्हणाले, "आत कोण साहेब बसलेत?"

* * *

सम्राटमध्ये एक खोट होती. दोन शेडची नावं सारखी असली की दुसरीचा नुस्खा पहिलीवर जाऊन बसायचा. त्यामुळे एकदा अख्खा लॉट डाळिंबीच्या जागी वांगी रंगाचा निघाला. पाटील मास्तर ते ओलं कापड खांद्यावर टाकून आमच्या खोलीत आले तेव्हा मी टेबलाखाली पडलेली पेन्सिल शोधायला वाकले, आणि ते जाईपर्यंत मला ती सापडली नाही.

कंपनीला कळवलं. कंपनी म्हणाली, नव्या व्हर्जनमध्ये सुटेल. आम्ही चातकासारखी नव्या व्हर्जनची वाट बघत बसलो. एकदाचा मल्होत्रा आला, मॉनिटर भिंतीकडे केला, सकाळपासून दुपारपर्यंत खुडबुड केली आणि पडदा वळवला.

पडदा निळ्याचा हिरवा झाला होता. मुकुट तोच, सम्राट तोच, आणि खोटही तीच!

पाटील मास्तरांनी चष्मा वर करून पडदा नीट न्याहाळला. "हिरवा छान चढलाय," ते म्हणाले. "एका धुण्यात जाणार की टिकणार?"

* * *

अनंत चतुर्दशीला इंदूरच्या मिलांच्या झाँक्या निघतात, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. ट्रकएवढ्या गाड्यांवर पुराणातले देखावे, फिरती चक्रं, हजारो दिवे, आणि बघायला अख्खं शहर. मिल बंद पडो, पगार थांबो, झाँकी थांबत नाही. त्या वर्षी आमच्या लोकांनी समुद्रमंथन करायचं ठरवलं. मंदार पर्वत फिरणार, नाग दोन्हीकडून ओढला जाणार, मध्येच लक्ष्मी वर येणार.

तालीम ऐन दुपारी गेटजवळ चाललेली. पर्वत दोन घिरट्या घालून थांबायचा. झाँकी कमिटीतल्या कुणालातरी आठवलं की ईडीपीत एक वजनदार पेटी आहे, लाइट गेली तरी तिच्यातून करंट येत राहतो. म्हणजे आमचा यूपीएस! आम्ही जेवायला गेलेलो. परत येतो तर यूपीएस गायब, वायरी लोंबताहेत, आणि सम्राटचा हिरवा दिवा विझलेला. तिकडे मात्र मंदार पर्वत गरागरा फिरतोय आणि लोक टाळ्या वाजवताहेत!

फडणीस साहेब खुर्चीत बसले ते कोसळल्यासारखेच. मला तर नोटीस बोर्डावर तिघांची नावं दिसायला लागली. राजू भिया पळत गेला, भांडून यूपीएस परत आणला, वायर जोडली.

सम्राट आपोआप चालू झाला. आणि या खेपेला मॉनिटर भिंतीकडे करायला मल्होत्रा नव्हता.

पडद्यावर एक गुबगुबीत पेंग्विन आला! त्याच्यामागून इंग्रजी ओळींचा नुसता पाऊस. त्यात ना मुकुट, ना सम्राट. वेगळंच कुठलं नाव, आणि हे सॉफ्टवेअर सगळ्यांना मोफत आहे अशी ओळ. शेवटची ओळ मी मोठ्यानं वाचली आणि हिंदीत सांगितली, "इस प्रोग्राम की किसी तरह की कोई वॉरंटी नहीं है."

मग राजू भिया कपाळावर हात मारून म्हणाला, "भिया! जो चीज थी ही नी, वो चली जाएगी इस डर से अपन ने पूरी गर्मी पंखा झला!"

* * *

मग मी शोध घेतला. स्टेशनसमोरच्या बुकस्टॉलवर कॉम्प्युटरचं एक मासिक मिळायचं, त्याच्याबरोबर एक सीडी फुकट. त्या महिन्याच्या सीडीवर तोच पेंग्विन! ऑफिसातल्या दुसऱ्या, जुन्या मशीनवर ती लावली. तोच ओळींचा पाऊस. आतली कागदपत्रं वाचली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं सॉफ्टवेअर होतं. कुणीही घ्या, वापरा, बदला, विकासुद्धा. अट इतकीच की पुढच्याला देताना त्याचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स म्हणतात, तोही द्यायचा आणि वर आपलं कुलूप लावायचं नाही. आमच्या कंपनीनं काय केलं होतं? लोकांनी बांधलेल्या प्याऊवर, म्हणजे पाणपोईवर, स्वतःची पाटी ठोकली होती आणि तोटीला टाळं लावलं होतं. त्यांचा स्वतःचा म्हणावा तर तो मुकुट आणि ती किल्ली.

मला इतका संताप आला की मी साहेबांचा हात धरून त्यांना मशीनपुढे आणलं. वाटलं, तेही चिडतील.

साहेब पांढरेफटक पडले. "फुकट आहे?"

"हो साहेब! मासिकाबरोबर वाटताहेत!"

"हळू बोला, अनघाजी, हळू!" त्यांनी आधी दार लावलं. "वर कळलं की सम्राट फुकटचा आहे, तर पहिला सवाल काय येईल? की मग सम्राटला सांभाळणारे तिघं कशाला? चौहानचं नाव पहिलं जाईल. मग तुमचं. मग माझं."

चोरी केली कंपनीनं आणि सापडण्याची भीती आम्हाला!

साहेबांनी ती सीडी टिफिनमध्ये पोळ्यांच्या खाली घातली आणि घरी नेली. दुसऱ्या दिवशी डोळे तांबारलेले. माझ्या टेबलाशी येऊन कुजबुजले, "तांदळाच्या डब्यात ठेवलीय. एक विचारू? बाहेरून मशीन लावून सीडी कुठे आहे ते समजतं का हो?"

* * *

पण गोष्ट दाबून ठेवता येईना. सम्राटमध्ये ठरावीकच शेड मावत होत्या, आणि त्या भरल्या. तेवढ्यात एका व्यापाऱ्यानं मोठी ऑर्डर आणली, सगळ्या नव्या शेड. मिलला तगवेल अशी तेवढी एकच ऑर्डर दिसत होती. कंपनी म्हणाली, नव्या शेड हव्या तर 'महासम्राट' घ्या.

मी साहेबांना म्हटलं, आपण सोर्स मागू. तो त्यांना द्यावाच लागेल, तसा नियम आहे. मर्यादा आपण काढून टाकू. साहेबांनी दिवसभर खपून कंपनीला पत्र लिहिलं. सुरुवातच अशी, 'कृपया नाराज न होते हुए, और यदि आपको असुविधा न हो तो'.

महिन्याभरानं सियागंजच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा निरोप आला, तुमचा माल आलाय, ठेला घेऊन या. राजू भिया ठेला घेऊन गेला आणि खोक्यांवर खोकी लादून आला. उघडली तर कागद! छापलेला सोर्स, हजारो पानं, त्यांना नंबरसुद्धा नाहीत. वर एक चिठ्ठी, 'माँगा था, भेज दिया. टाइप कर लें.'

मी रागानं रडले. पण जीएम साहेबांनी ती चिठ्ठी वाचली आणि त्यावरच शेरा मारला, 'टाइपिंग सेक्शन, तत्काळ.'

टाइपिंग सेक्शनला कॉम्प्युटर कुणी दिला होता? तिथे जुने टाइपरायटर. जोशीबाई हेड, पेन्शनला थोडंच उरलेलं. त्यांनी शेरा वाचला, कार्बन लावला आणि खटाखट सुरुवात केली. आठवड्यानं मी डोकावले तर सोर्सचे तीन गठ्ठे तयार, दोऱ्यानं बांधलेले. एक ऑफिस कॉपी, एक युनियनला, एक रेकॉर्डला!

"अहो जोशीबाई, हे कागदावर टाइप करून काय उपयोग? हे मशीनमध्ये जायला पाहिजे!"

त्यांनी मला जवळ ओढलं. बोटं गार पडली होती. "मला समजत नाही होय गं? काल नवी यादी लागली. आमच्या सेक्शनपुढे लिहिलंय, 'कार्य प्रगति पर'. अजून पुष्कळ खोकी आहेत ना?"

पुष्कळ होती. मी स्टूल ओढलं आणि त्यांना वाचून दाखवायला बसले.

* * *

नव्या शेड पाटील मास्तरांनी शेवटी जुन्या, न लागणाऱ्या शेड पुसून त्यांच्या जागी बसवल्या. ऑर्डर कशीबशी सुरू झाली. आणि किल्लीची तारीख आली.

दिल्लीला फोन लावला तर घंटी वाजत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी उचलला आणि म्हणाल्या, इथे आता गाड्यांची शोरूम आहे. कंपनी उठून गेली होती! किल्ली देणारंच कुणी उरलं नव्हतं.

मी आयुष्यात पुष्कळ घाबरले आहे, पण त्या आठवड्यासारखी नाही. घरी मुलगी काही विचारायची आणि मी भलतंच उत्तर द्यायची. राजू भिया यादी लागलेली नसतानाही नोटीस बोर्ड बघून यायचा. गेटवर जो दिसेल तो विचारायचा, सम्राटला खरंच कुलूप लागणार का? ऑर्डर अर्धी रंगलेली, बाकीचं कापड पांढरं पडून. साहेबांनी खजराना गणपतीला नारळ बोलला आणि प्रसादाचा लाडू प्रिंटरवर ठेवला. तो मुंग्यांनी खाल्ला, पण त्यांना हाकलायची कुणाची टाप नव्हती.

तारीख उजाडली. पाटील मास्तर सकाळीच येऊन उभे. जीएम साहेब स्वतः आले, ते कधी येत नसत. मी मशीनपुढे बसले. पडदा हिरवा झाला, क्षणभर हलला, आणि मुकुट गेला. त्याखालचा 'सम्राट' गेला. पडदा काळा.

मागून कुणाचातरी हुंदका ऐकू आला. मी डोळे मिटून एन्टर दाबलं.

शेडची यादी आली. नेहमीसारखी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. प्रिंटर खडखडला आणि नुस्खा बाहेर आला.

पाटील मास्तरांनी तो फाडून घेतला, वरखाली बघितला आणि म्हणाले, "म्हणजे बंद काय झालं?"

"कंपनीचं नाव," मी म्हटलं.

जीएम साहेब हसले. आम्ही त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं, आणि ते हसू मला जरासुद्धा आवडलं नाही.

* * *

ऑर्डर पुरी झाली, माल गेला, आणि पुढच्या महिन्यात गेटवर नोटीस लागली. सम्राटमुळे नाही, रंगामुळे नाही, आमच्या कुणाच्याच मुळे नाही. मालकांना मिल चालवायची नव्हती, एवढंच. आम्ही इतके दिवस डब्याकडे डोळे लावून बसलो होतो आणि कुऱ्हाड आली मागून. चाळ रिकामी करायला मुदत मिळाली. जोशीबाई कार्बनचे कोरे कागद घेऊन घरी गेल्या, कशाला ते विचारायचा धीर मला झाला नाही.

चार्ज द्यायला आम्हा तिघांना एकदा सकाळी बोलावलं. बंद मिलचा ताबा घ्यायला कोर्टाकडून एक साहेब आले होते, बरोबर लाख आणि मेणबत्ती घेतलेली माणसं. ते एकेक खोली बघत आणि दाराला सील ठोकत येत होते. डायहाउसला ठोकलं, स्टोअरला ठोकलं. आमच्याकडे आले. खोलीत सम्राटचा पंखा घरघरत होता.

"इसे बंद कीजिए," ते म्हणाले. "कमरा सील होगा."

बटण समोरच होतं. एका बोटाचं काम. राजू भिया माझ्या शेजारी उभा होता. खोली सोडावी लागणार, हे घरी अजून कबूल केलं नव्हतं त्यानं. बाप आणि भाऊ रोज विचारायचे आणि हा म्हणायचा, माझं नाव अजून मस्टरवर आहे. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बटणाकडे हात नेला.

"बंद नहीं होती, साहब."

बोललं कोण? फडणीस साहेब! मी हात मागे घेतला.

"क्या मतलब?"

"मतलब, बंद तो होगी." साहेबांच्या ओठावर घाम होता. "फिर चालू होगी कि नहीं, कंपनी को ही मालूम. और कंपनी रही नहीं. इसमें सारे वर्करों का सर्व्हिस रेकॉर्ड है. कल कोर्ट ने माँगा, और ये चालू नहीं हुई, तो जिसने बंद करवाई उससे..."

कोर्टाचे साहेब डब्यापासून एक पाऊल मागे सरकले. लाखवाला दोन पावलं सरकला.

"तो फिर?"

"चालू रखनी पड़ेगी. एक आदमी रखना पड़ेगा."

"आप रहेंगे?"

फडणीस साहेबांची मुलगी कॉलेजात होती आणि त्यांना दुसरीकडे कुणी नोकरी देणार नव्हतं. मला वाटलं, आता हो म्हणणार. मी असते तर म्हटलं असतं.

"मेरे बस की नहीं, साहब," ते म्हणाले. "ये मशीन सिर्फ़ चौहान जी सँभालते हैं."

राजूचा चेहरा मेणबत्तीसारखा झाला. कोर्टाच्या साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "टेक्निकल स्टाफ?"

"सीनियर."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि लिहून घेतलं. ड्यूटी स्टाफ, एक. क्वार्टर चालू. मग आवाज न करता, चवड्यांवर चालत ते खोलीबाहेर गेले.

राजू भियानं साहेबांची बाही धरली. "साब, ये आपने क्या कर दिया! मेरे को तो इसका कुछ बी नी आता! करना क्या है मेरे को?"

फडणीस साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि दाराकडे एकदा बघून घेतलं.

"कुछ नहीं करना, राजू भिया. कोई इसके पास आए, तो बस, ज़ोर से डर जाना."